साडेचारशे रुपयांचं ऑइल सील

गणपतीच्या सुमारास पार्किंगमध्ये गाडीखाली चार-पाच काळे ठिपके दिसले. आधी वाटलं शेजारच्या बाइकचे असतील. (आपल्या गाडीवर माणसाचा उगाचच विश्वास असतो.) आठवड्याभरात ठिपक्यांचं छोटं थारोळं झालं, तेव्हा पुण्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. निदान लगेच झालं. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलंय. सीलची किंमत साडेचारशे रुपये. लेबर सात हजार.

माझ्याकडे इंजिनीअरिंगची डिग्री आहे, पण कंप्युटरची. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फाइल घासून घासून एक चौकोनी जॉब केला होता, तेवढाच काय तो लोखंडाशी संबंध. त्यामुळे साडेचारशेच्या वस्तूला सात हजारांची मजुरी कशी, यावर मी जरा हुज्जत घातली. उत्तर बरोबर होतं. हे सील बसतं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे. म्हणजे आधी अ‍ॅक्सल काढा, मग गिअरबॉक्स उतरवा, मग क्लच, मग फ्लायव्हील, आणि मग कुठे ते सील दिसणार. ते बदलायचं काम पाच मिनिटांचं, तिथपर्यंत पोचायला अख्खा दिवस.

पैसे भरले. दोन महिने बरे गेले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पुन्हा ठिपके! गॅरेजवाला म्हणाला, "सीलचा लॉट खराब असेल साहेब, परत बदलू." लेबर? "लेबर तर लागणारच." शेवटी डिकीत ऑइलचा डबा टाकून तसाच सोलापूरला घरी गेलो. बाबा म्हणाले, "अरे आपल्या मिस्त्रींना दाखव की. पुण्यात काय सोनं लागलंय का?"

मिस्त्रीकाकांनी गाडीखाली वाकूनसुद्धा बघितलं नाही. इंजिन चालू ठेवायला लावलं, वरचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, त्यावर तळहात धरला आणि हसले. ते का हसले ते पुढे येईलच. मग म्हणाले, "दिवसभराचं काम आहे. थांबणार असाल तर बसा." मी आणि बाबा तिथेच बाकावर बसलो. दुपारी काकांनी काढलेलं सील माझ्या हातात दिलं. बांगडीहून थोडं मोठं रबरी कडं. आतल्या बाजूला एक पातळ ओठ, आणि ओठाच्या मागच्या खाचेत गोल गुंडाळलेली बारीक स्प्रिंग. बस, एवढंच.

त्या दिवसापासून या कड्यानं डोक्यात घर केलं. हे कुणी शोधलं? त्याच्या आधी लोक काय करत होते? पुढचे दोन-तीन वीकांत वाचण्यात गेले. त्याचीच ही गोष्ट.

आधी नेमकी अडचण काय ते बघू. दोन स्थिर भागांमधून तेल गळत असेल तर मधे गॅस्केट ठेवून बोल्ट आवळले की झालं. पण क्रँकशाफ्टला इंजिनाच्या बाहेर यावंच लागतं, नाहीतर चाकं फिरणार कशी? आणि तो फिरत असतो. समजा जिथे सील बसतं तिथे शाफ्टचा व्यास ८० मिलिमीटर आहे आणि इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय. गुणाकार करून बघा. सीलच्या ओठासमोरून स्टीलचा पृष्ठभाग ताशी ४५ किलोमीटरच्या वेगानं जात असतो. आत गरम तेल, बाहेर रस्त्याची धूळ. फार घट्ट धरलं तर रबर जळणार, सैल धरलं तर तेल गळणार.

बैलगाडीला हा प्रश्न नव्हता. तिच्या आसाला वंगण घालतात ते गळणार, संपणार, हे धरूनच. प्रश्न सुरू झाला तो यंत्रांत दाब आला तेव्हा. १७१२ साली इंग्लंडमध्ये टॉमस न्यूकोमेननं वाफेचं इंजिन उभं केलं. त्या काळात सिलिंडर अगदी नेमका गोल करता येत नसे. मग पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बुजवायला त्यानं पिस्टनवर चामडं लावलं आणि वरून पाण्याचा थर ठेवला. पुढे वाफेच्या इंजिनांत दांडा जिथून बाहेर येतो तिथे चरबीत भिजवलेली तागाची दोरी ठासून भरायची पद्धत रूढ झाली. दोरी झिजली की नट थोडा आवळायचा. गळती थांबायची नाही, फक्त कमी व्हायची.

खरी हुशारी दिसते ती जोसेफ ब्रामाच्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये. १७९५ सालचं तिचं पेटंट. दाब इतका, की साधं पॅकिंग टिकेना. ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेनं यावर चामड्याचं यू आकाराचं कडं काढलं असं सांगतात. यूची पोकळी दाबाच्या बाजूला. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब चामड्याचे दोन्ही ओठ फाकवतो आणि भिंतीला घट्ट चिकटवतो. म्हणजे गळवू पाहणारी शक्तीच गळती थांबवायच्या कामाला जुंपली! माझ्या हातातल्या रबरी कड्याचा छेद घेतला तर त्यात हाच आकार ओळखू येतो.

आता मोटारीकडे येऊ. सुरुवातीच्या मोटारी गळायच्याच. तेल टाकत राहायचं, बस. कित्येक अमेरिकन इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला दोरीचं सील असे, ग्रॅफाइट लावलेली आणि बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉसची वेणी. वाफेच्या इंजिनाची तीच दोरी, नव्या अवतारात. आणि ती काही लगेच गेली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती वापरात होती. (जुना कोड कधीच मरत नाही, हे आपण सगळे जाणतोच.)

दुसरा मार्ग चामड्याचा. म्हणूनच ऑइल सीलच्या इतिहासात मोठी नावं येतात ती यंत्रं बनवणाऱ्यांची नाहीत, कातडी कमावणाऱ्यांची आहेत. अमेरिकेत १८७८ साली सुरू झालेली शिकागो रॉहाइड ही मुळात चामड्याचे पट्टे वगैरे करणारी कंपनी, ती मोटारींच्या सीलकडे वळली. (१९९० मध्ये ती एसकेएफनं घेतली.) आणि जर्मनीत वाइनहाइम नावाच्या गावात १८४९ पासून कार्ल फ्रॉइडेनबर्गची टॅनरी होती. १९२९ च्या जागतिक मंदीत चामड्याचा धंदा बसला. त्यांनी नवीन गिऱ्हाईक शोधलं, मोटार कारखाने, आणि त्यांच्यासाठी चामड्याची सील करायला घेतली. वाल्टर झिमर नावाचा ऑस्ट्रियन इंजिनीअर त्यांच्याकडे होता. चामड्याचा ओठ, त्याला शाफ्टवर हलकेच दाबून धरणारी गोल स्प्रिंग, आणि सगळं धातूच्या कड्यात बसवलेलं, असा तयार भाग १९३२ साली बाजारात आला. नाव झिमररिंग. जर्मनीत मेकॅनिक अजूनही ऑइल सीलला हेच म्हणतात, जसं आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो.

चामडंच का, तर ते तेल पितं. चरबी मुरवलेलं चामडं मऊ राहतं आणि स्वतःच थोडं वंगण देत राहतं. साधं रबर का नाही, तर झाडाच्या चिकाचं रबर खनिज तेलात भिजलं की फुगतं आणि मऊ पडतं. गुडइयरनं १८४४ साली रबर पक्कं करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं तरी त्याची ही खोड गेली नाही. पण चामड्यालाही मर्यादा होतीच. इंजिनं जोरात फिरायला आणि जास्त तापायला लागली तसं ते कडक होऊन चिरायला लागलं.

उत्तर रसायनशाळेतून आलं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत आय. जी. फार्बेनच्या एरिश कोनराड आणि एडुआर्ड चुंकूर या रसायनतज्ज्ञांनी ब्युटाडाइन आणि अ‍ॅक्रिलोनायट्राइल जोडून एक रबर बनवलं. नाव बुना-एन, नंतर पेरबुनान. आपण त्याला नायट्राइल म्हणतो. ते तेलात फुगत नाही. १९३६ मध्ये झिमररिंगचा ओठ चामड्याऐवजी याच रबराचा झाला आणि टॅनरीचं काम हळूहळू केमिस्टकडे गेलं.

इथपर्यंत वाचताना मला मजा येत होती. शोध, पेटंट, मंदीतून वर आलेली कंपनी, अगदी आपल्याला आवडते तशी स्टार्टअपची गोष्ट. पण साल बघा. १९३६, जर्मनी.

त्याच वर्षी हिटलरनं चार वर्षांची योजना जाहीर केली. युद्ध करायचं तर रबर, चामडं, तेल यांसाठी बाहेरच्या देशांवर अवलंबून राहून चालणार नव्हतं. म्हणून पर्यायी मालावर सगळा जोर. चामड्याच्या जागी कृत्रिम माल टिकतो का, हे तपासायला १९४० साली बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेन छळछावणीत एक ट्रॅक बांधला. त्यावर डांबर, वाळू, खडी असे वेगवेगळे पट्टे. कंपन्यांनी नवीन तळव्यांचे बूट पाठवायचे आणि कैद्यांनी ते घालून दिवसभर चालायचं. दिवसाला ३०-४० किलोमीटर, कित्येकदा पाठीवर ओझं घेऊन. जो कोसळला त्याला मारहाण. बरेच जण त्या ट्रॅकवरच संपले. तिथे माल तपासून घेणाऱ्या कंपन्यांत फ्रॉइडेनबर्गही होती. ते बुटांचे तळवे होते, ऑइल सील नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. पण कंपनी तीच आणि चामड्याला पर्याय शोधायची खटपट तीच. कंपनीनं पुढे आपला इतिहास तपासायचं काम योआखिम शोल्टिझेक या इतिहासकाराकडे दिलं. त्यांचं पुस्तक २०१६ साली आलं. ज्यूंकडून घेतलेले धंदे, वेठबिगार, हा ट्रॅक, सगळं त्यात आहे.

आणि बुना? आय. जी. फार्बेननं टायरच्या बुना रबरासाठी ऑशवित्झजवळ मोनोवित्झला प्रचंड कारखाना काढायला घेतला. कैद्यांना राबवून तो उभा करायचा होता. हजारो माणसं त्यात मेली. त्या कारखान्यातून बुना रबर कधी बाहेर पडलंच नाही.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला. आपण कामाच्या ठिकाणी रोज टेस्टिंग, लोड टेस्ट, एन्ड्युरन्स हे शब्द वापरतो. त्या ट्रॅकवरही कुणीतरी रोज वही घेऊन किती किलोमीटरला किती झीज झाली याचा विदा गोळा करत होता. तो माणूस राक्षस असेल असं मला वाटत नाही. आपल्यासारखाच कुणीतरी इंजिनीअर असेल, आकडे नीट भरणारा. मला जास्त टोचलं ते हे.

असो. युद्ध संपलं, नायट्राइल जगभर पसरलं. आता एक गंमत. हे सील बाजारात आलं १९३२ साली, पण ते नक्की कशामुळे तेल अडवतं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सगळे धरून चालले होते की ओठ शाफ्टला घट्ट चिकटून बसतो. १९५७ साली ब्रिटनमध्ये ई. टी. जॅगरनं दाखवलं की तसं नाही. ओठ आणि शाफ्ट यांच्यामधे तेलाचा अतिशय पातळ थर असतो, जेमतेम मायक्रॉनच्या आसपास. ओठ त्या थरावर तरंगतो. म्हणून तर तो ताशी ४५ किलोमीटरच्या घर्षणात जळून जात नाही. मग तो थर बाहेर का वाहून जात नाही? हे पुढच्या काही दशकांत कळत गेलं. ओठाचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा, हवेकडचा आडवा. शाफ्ट फिरताना रबराच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे तिरके ओढले जातात आणि थरातलं तेल सतत आतल्या बाजूला ढकलत राहतात. म्हणजे चांगलं सील ही नुसती भिंत नाही, तो एक चिमुकला पंप आहे. तेच सील उलटं बसवलं तर तो पंप इमानेइतबारे तेल बाहेर टाकतो. प्रॉडक्शनमध्ये पंचवीस वर्षं चालू असलेली आणि का चालते ते कुणालाच माहीत नसलेली गोष्ट... ओळखीची वाटली ना?

पुढे माल बदलत गेला. नायट्राइल साधारण शंभर अंशांपर्यंत बरं. १९५७ सालीच ड्यूपाँटनं व्हायटन बाजारात आणलं, ते दोनशेच्या आसपास टिकतं. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत टेफ्लॉनच्या ओठाचं सील असतं. बाकी सगळी सील तेलाचं बोट लावून बसवतात, हे मात्र कोरडंच बसवायचं. तेल लावलं की बिघडलं.

आता पुन्हा सोलापूरच्या बाकावर या. मी बाबांना म्हटलं, "साडेचारशेच्या वस्तूसाठी अख्खं इंजिन उघडायचं, काय डिझाइन आहे!" बाबा म्हणाले, "आमच्या हापशाचं तेच होतं."

बाबांचं गाव सोलापूर जिल्ह्यातच. १९७२ च्या दुष्काळात ते तिसरीत होते. त्या काळात खडक फोडणारी यंत्रं आली, गावोगाव बोअर झाल्या आणि त्यांवर हातपंप बसले. पण ते बिडाचे पंप मुळात परदेशातल्या एकेका घरासाठी बेतलेले. इथे दिवसभर अख्खं गाव हापसायचं. बहुसंख्य पंप बंद पडले. मग जालन्याला मिशनच्या लोकांनी पोलादी पंप तयार केला, पाठोपाठ सोलापूरला त्याची सुधारित आवृत्ती झाली. या सोलापूर पंपाच्या पायावरच सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून इंडिया मार्क टू हातपंप बनवला. जगभर लाखोंनी गेलेला पंप आमच्या सोलापूरचा नातू आहे, हे मला त्या बाकावर बसेपर्यंत माहीत नव्हतं!

हापशाच्या तळाशी जमिनीखाली पिस्टन असतो आणि त्याला चामड्याच्या वाट्या. न्यूकोमेनचंच चामडं, दोनशे सत्तर वर्षांनी, आमच्या बोअरमध्ये. गावात त्याला नुसतं 'वायसर' म्हणायचे. वायसर झिजला की पाणी येईना. वायसर अगदी स्वस्त, पण तो बदलायला वरचं सगळं खोलून बोअरमधली लोखंडी पाइपांची माळ एकेक तुकडा करत वर ओढायची. त्याला जाड पाने, चिमटे आणि चार-सहा माणसं लागायची. ते काम गावाचं नव्हे, पंचायत समितीच्या गाडीचं. "गाडी आली तर आली," बाबा म्हणाले. "तोवर आई दोन कोस चालून विहिरीवर जायची. महिना महिना."

पुढे १९८० च्या दशकात कोइंबतूरजवळ या पंपाच्या दीर्घ चाचण्या झाल्या, तेव्हा दोन गोष्टी बदलल्या. चामड्याच्या वाटीच्या जागी नायट्राइलची वाटी आली आणि ती कितीतरी जास्त टिकली. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. मार्क थ्रीमध्ये पाइपच रुंद केला, ६५ मिलिमीटरचा, म्हणजे पिस्टन पाइपाच्या आतूनच वर ओढता येतो. पाइपांची माळ जागची हलवायची नाही. वायसर तोच, फक्त तिथपर्यंत गावातल्या माणसाचा हात पोचायला लागला. आजीला दोन कोस चालवत होता तो झिजलेला वायसर नव्हे. तो कुणी बदलायचा हे ठरवताना तिचा विचार कुणीच केला नव्हता.

संध्याकाळी काकांनी हाक मारली. आधी शाफ्ट दाखवला. त्यावर नखाला लागेल अशी एक गोल खाच होती. मऊ रबरानं कडक स्टील खाल्लं होतं! (रबरात रुतलेली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते.) "नवीन ओठ त्याच खाचेत बसला तर परत गळणार," म्हणून काकांनी सील दोन मिलिमीटर आत सरकवून बसवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागी आला.

मग ते सकाळी का हसले ते सांगितलं. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतोच. तो बाहेर काढायला ब्रीदरचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. माझा काजळीनं पूर्ण बंद झाला होता. आतला दाब वाढत गेला आणि जिथे सगळ्यांत नाजूक जागा, तिथून त्यानं तेल बाहेर ढकललं. झाकणावर तळहात धरला तेव्हा काकांना तो दाब जाणवला होता. "इंजिनाचा श्वास कोंडलेला. सील काय करणार बिचारं?" व्हॉल्व्हची किंमत तीनशे रुपये, आणि तो वरच असतो. बदलायला दहा मिनिटं.

पुण्याच्या गॅरेजनं सील चुकीचं बसवलं होतं असं काका म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त गळतंय तिथेच बघितलं, का गळतंय ते नाही. त्यांना तरी काय बोलणार? मागच्याच महिन्यात मी स्वतः एक सर्व्हर दर सोमवारी रीस्टार्ट करायची स्क्रिप्ट लिहून तिकीट बंद केलंय. उद्या ऑफिसला गेलो की ते तिकीट पुन्हा उघडणार आहे.

गाडी चार महिने कोरडी आहे. जुनं सील मी काकांकडून मागून घेतलं. धुतलं तरी तेलाचा वास जात नाही. आई म्हणते ते घरात ठेवू नकोस, म्हणून सध्या त्याचा मुक्काम ऑफिसच्या टेबलावर आहे.